हुकलेला अपघात

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती" हे वाक्य ठाऊक नसलेले घर आपल्या खेड्यापाड्यांत सापडणार नाही. बैल उधळतो आणि शिंग बरगडीच्या बाजूने निसटून जाते. विहिरीवर वाकलेल्या माणसाचा पाय घसरतो आणि मागून कोणी तरी त्याचा सदरा धरते. घाटात दरड कोसळते, पण आपली एसटी तेवढ्यात वळण पार करून गेलेली असते. असे काही घडले, की संध्याकाळी ओटीवर हे वाक्य हटकून ऐकू येते. घरातली वडीलधारी बाई मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकते, ग्रामदेवतेपुढे नारळ फुटतो आणि दोनचार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हकिकत रंगवून सांगितली जाते. पुढे पेरणी येते, लग्नसराई येते आणि ती गोष्ट विसरून जाते.

नारळ फोडू नये असे मला मुळीच सुचवायचे नाही. जीव वाचल्यावर हात जोडावेत, हीच माणसाची रीत आहे. पण हात जोडून झाल्यावर आणखी एक काम उरते, आणि ते बहुधा राहून जाते. त्या कामाविषयी आज चार शब्द बोलावेत असे मनात आहे. जो अपघात होता होता टळला, त्याला आपण 'हुकलेला अपघात' म्हणू. झालेला अपघात आपण मोजतो. त्याचा पंचनामा होतो, वर्तमानपत्रात बातमी येते. हुकलेल्या अपघाताची नोंद मात्र कुठेच होत नाही. खरे पाहता तोच अधिक मोलाचा असतो, कारण शिकवण दोघांची एकच. फक्त एकाची किंमत आपण मोजलेली असते आणि दुसऱ्याची मोजावी लागलेली नसते.

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळणे घेत तो वरंधा घाटाकडे चढत जातो. त्या वाटेवर हिर्डोशी हे गाव लागते. हा सारा हिरडस मावळ. पाऊस इथे असा पडतो, की चार महिने इरले, घोंगडी किंवा प्लॅस्टिकची खोळ अंगावरून उतरत नाही. भात हे मुख्य पीक; वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. इथल्या माणसाचा साधा कामाचा दिवस घेतला, तरी त्यात जोखीम किती म्हणून सांगावी! शेवाळलेला बांध, गवतात दडलेले जनावर, ओल्या हाताने दाबलेला मोटारीचा खटका, घाटातला सुटा दगड, आणि आता मळणीचे यंत्र. यांपैकी एकही गोष्ट त्याला जोखमीची वाटत नाही, कारण ती रोजचीच असते. आणि रोजच्या गोष्टीचा धाक राहत नाही.

याच गावातल्या एका खळ्यावर घडलेली गोष्ट सांगतो. माझ्या परिचयाच्या घरची ती मळणी होती आणि मी त्या वेळी तिथे हजर होतो. दिवाळी होऊन गेलेली, भात कापून वाळलेले. पूर्वी पेंढ्या दगडावर झोडपून भात काढीत; आता विजेच्या मोटारीवर चालणारे यंत्र भाड्याने येते आणि एका आळीतून दुसऱ्या आळीत फिरते. मोटार आणि यंत्र यांच्यामध्ये रबरी पट्टा असतो. त्या पट्ट्यावर जाळीचे झाकण असायला हवे. या यंत्राचे झाकण कधी तरी दुरुस्तीसाठी काढले होते, ते पुन्हा बसलेच नव्हते. घरातली सून पेंढ्या उचलून देत होती. वाकली, वळली, आणि तिचा पदर पट्ट्यात गेला.

किंचाळायलासुद्धा सवड मिळाली नाही. ती पट्ट्याकडे ओढली गेली, खांदा चाकाला टेकणार एवढ्यात पदर टर्रकन फाटला आणि ती मागे आदळली. त्याच क्षणी खांबावरच्या फळीजवळ बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोराने खटका खाली ओढला आणि यंत्र घरघरत थांबले. बाईच्या दंडाला खरचटले होते, दुसरे काही नाही. सगळी माणसे धावली. कोणी पाणी दिले, कोणी देवाचे नाव घेतले. चहा झाला. घरधनी म्हणाला, "चला, थोडक्यात निभावलं. ऊन हाय तवर उरकून घिऊ." आणि माणसे उठायला लागली.

तेव्हा ओटीवर सूप घेऊन बसलेली त्या घरची आजी बोलली. ती म्हणाली, "आरं, लुगडं माजं जुनं व्हतं म्हून फाटलं. कामाला म्हून तिनं त्ये नेसलं व्हतं. नवं टेरिकॉटचं असतं तर त्ये फाटलं न्हसतं. पोरच गेली आसती." घरधनी म्हणाला, "आता झालं ना आजी, वाचली ना? आता कशाला त्ये?" आजी म्हणाली, "आता न्हाय तर कवा?"

श्रोतेहो, या म्हातारीने शाळेची पायरी चढलेली नाही. पण या विषयावर जे जे लिहिले गेले आहे, त्याचे सार तिच्या त्या दोन वाक्यांत आले. बाकीचे सगळे 'वाचली' या शब्दापाशी थांबले होते. ती 'कशाने वाचली' याचा विचार करीत होती. आपणही तो करून पाहू. पहिले कारण, लुगडे जुने आणि सुती होते. दुसरे कारण, खटक्याजवळ पोरगा होता. तो तिथे का होता? मोबाइल चार्जिंगला लावून त्याची राखण करीत बसला होता म्हणून! म्हणजे ज्या दोन गोष्टींनी जीव वाचला, त्यांपैकी एकही कोणी मुद्दाम योजलेली नव्हती. जुने लुगडे हा योगायोग आणि पोराचा मोबाइल हाही योगायोगच. जे योजायला हवे होते ते झाकण मात्र जागेवर नव्हते.

इथेच सगळ्या गोष्टीची मेख आहे. बैलगाडी उताराला लागली आणि खीळ घट्ट होती म्हणून चाक निखळले नाही, तर आपण आपल्या योजनेने वाचलो. तिथे काळजीचे कारण उरत नाही. पण ज्या वेळी आपण केवळ योगायोगाने वाचतो, त्या वेळी अपघात टळलेला नसतो. त्याची फक्त तारीख पुढे गेलेली असते. कारण यंत्र तेच, पट्टा तोच, उघडाही तसाच. आणि उद्या येणारी बाई नवे लुगडे नेसून येणार असते.

आजीच्या बोलण्याने अर्धा तास मळणी खोळंबली. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, दोन लाकडी खुंट्या ठोकल्या आणि तारेने बांधून पट्ट्यावर आडोसा केला. बायकांनी पदर कमरेला घट्ट खोचले. खटक्याजवळ एका माणसाला मुद्दाम उभे केले. खर्च जवळजवळ काहीच आला नाही. मग आजीने आणखी एक गोष्ट काढली: "उद्या यंत्र खालच्या आळीला जायचं. त्यास्नीबी सांगा." इथे मात्र घरधनी जरा घुटमळला. लोक म्हणतील, यांच्या सुनेला काम करता येत नाही. यंत्रवाला म्हणेल, माझ्या यंत्राला नावे ठेवता. पण अखेर तो गेला आणि सांगून आला. माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत अवघड काम ते होते, आणि सर्वांत मोलाचेही.

ते मोलाचे का, हे समजण्यासाठी आपल्याला क्षणभर फार दूर, अमेरिकेत जावे लागेल. १९३१ साली हाइनरिक नावाच्या एका गृहस्थाने कारखान्यांतील अपघातांवर एक पुस्तक लिहिले. हे गृहस्थ विमा कंपनीत नोकरीला होते आणि अपघातांची हजारो प्रकरणे त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यांनी असा हिशेब मांडला, की एका गंभीर अपघातामागे किरकोळ इजेचे २९ प्रसंग असतात आणि काहीच इजा न झालेले ३०० प्रसंग असतात. पुढच्या संशोधकांनी या आकड्यांवर पुष्कळ शंका घेतल्या आणि त्या रास्तही आहेत. प्रत्येक धंद्यात हे प्रमाण एकच कसे असेल? तेव्हा आकडे आपण बाजूला ठेवू. त्यांतला विचार मात्र शेतकऱ्याला सहज पटण्यासारखा आहे. बांध एकदम फुटत नाही. आधी खेकड्याचे बीळ पडते, मग पाणी झिरपते, मग माती ढासळते. ज्याने बीळ पाहिले आणि बुजवले, त्याचा बांध राहिला.

दुसरी हकिकत विमानांची आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे एक प्रवासी विमान ढगाळ हवेत डोंगरावर आदळले. त्यातली ९२ माणसे, सारीच्या सारी, दगावली. चौकशी झाली तेव्हा असे दिसले, की जमिनीवरून मिळालेल्या सूचनेचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता आणि सूचना देणाऱ्याच्या मनात दुसरा होता. 'उतरायला हरकत नाही' याचा अर्थ 'आत्ताच इतके खाली यायला हरकत नाही' असा घेतला गेला. पण खरी चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचा त्याच ठिकाणी असाच गैरसमज झाला होता आणि त्यांचे विमान त्याच डोंगरावरून थोडक्यात निभावले होते. त्यांनी आपल्या कंपनीला ते कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण त्या घरची गोष्ट शेजारच्या घरी पोचली नाही. वरच्या आळीला कळले, खालच्या आळीला कळले नाही. अंतर सहा आठवड्यांचे, आणि किंमत ९२ माणसांची.

या दुर्घटनेनंतर १९७६ साली तिकडे एक व्यवस्था सुरू झाली. ज्याच्यावर असा हुकलेला प्रसंग आला असेल, त्याने तो लिहून पाठवावा. पत्र विमान कंपनीकडे जात नाही आणि शिक्षा करणाऱ्या खात्याकडेही जात नाही. ते अवकाश-संशोधन करणाऱ्या 'नासा' या संस्थेकडे जाते. लिहिणाऱ्याचे नाव गुप्त ठेवतात आणि अजाणता घडलेल्या चुकीची वेळेवर खबर दिली, तर सहसा दंड होत नाही. त्या पत्रांतून जे शिकायचे ते सर्वांना कळवले जाते. आज अनेक देशांत अशा व्यवस्था आहेत. यातले मर्म एवढेच, की माणसाला आधी निर्भय केल्याशिवाय तो खरे सांगत नाही.

आता परत आपल्या सह्याद्रीत येऊ. सांगण्याचे मोल इथेही आपण पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीणच्या बाजूला गेलेल्या एसटीच्या चालकाला रोजच्या ठिकाणी गाव दिसलेच नाही. तिथे चिखलाचा ढीग होता. त्याने ती खबर दिली आणि बाहेरच्या जगाला त्या आपत्तीचा पत्ता लागला. दीडशेहून अधिक माणसे तिथे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका कामगाराच्या ते ध्यानात आले. त्याने रस्त्यावर येऊन मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि पोलिसांना कळवले. ज्या गाड्या थांबल्या, त्यांतली माणसे त्या रात्री घरी पोचली.

आणि वरंध्याचा डोंगर? त्याच्या पलीकडच्या अंगाला महाड तालुक्यात तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. डोंगर दर वेळी आधी निरोप देतो असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हा त्या गेलेल्या माणसांवर अन्याय होईल. पण पुष्कळदा तो देतो. उतारावर नवी भेग पडते. सरळ झाड किंवा विजेचा खांब कलायला लागतो. निवळ वाहणारा झरा एकाएकी गढूळ होतो, किंवा नव्याच ठिकाणी पाणी फुटते. घराची दारे चौकटीत अडकू लागतात. घाटात रोज दोनचार दगड पडलेले दिसतात. वरंधा घाटातील वाहतूक अलीकडच्या पावसाळ्यांत अनेकदा बंद ठेवण्यात आली आहे. त्यामुळे हिर्डोशीच्या आणि आसपासच्या माणसाची मोठी अडचण होते, हे खरे. तरीही ज्याच्या गाडीपुढे दगड पडला आणि जो वाचला, त्याने तो दगड बाजूला सारून पुढे निघून जाऊ नये. तलाठ्याला, पोलीस पाटलाला, एसटीच्या चालकाला, जो भेटेल त्याला तो कुठे पडला हे सांगावे. आपल्यापुढे पडलेला दगड हा मागून येणाऱ्यासाठी निरोप असतो.

मग आपण सांगत का नाही? कारणे साधी आहेत. मजुराला वाटते, बोललो तर उद्या काम मिळणार नाही. तरण्या पोराला वाटते, मित्र भित्रा म्हणतील. सुनेला वाटते, सासरी बोल लागेल. लहान मुलाला वाटते, मार बसेल. इथे मला शिक्षकबंधुभगिनींशी दोन शब्द बोलायचे आहेत. मूल ओढ्यात घसरून वर आले, तर ते घरी काय सांगते? "पाऊस लागला म्हणून भिजलो." कारण खरे सांगितले तर आधी थप्पड मिळते आणि मग चौकशी होते. हा क्रम उलटा केला पाहिजे. वर्गात आठवड्यातून एकदा दहा मिनिटे द्यावीत. 'या आठवड्यात कोण कशातून वाचले?' एवढेच विचारावे. नाव ठेवू नये, हसू नये, रागावू नये. एका साध्या वहीत तारीख, जागा आणि गोष्ट लिहावी. वर्षाअखेर ती वही उघडली, की दिसेल: अमुक साकवाची फळी तीन मुलांच्या पायाखाली हलली, अमुक खांबाला हात लावल्यावर दोघांना मुंग्या आल्या. अशी वही ग्रामसभेपुढे ठेवली, तर तिच्यापुढे नाही म्हणणे कोणालाही अवघड जाईल. आणि भूगोल, गणित, भाषा हे तिन्ही विषय त्या एका वहीत शिकून होतील, ते वेगळेच.

शेतकरीबंधूंनी यंत्रांविषयी विशेष जपावे. ग्रामीण भागातल्या धोकादायक यंत्रांसाठी आपल्या संसदेने १९८३ साली स्वतंत्र कायदा केला, यावरून दुखण्याचे गांभीर्य कळावे. पण कायदा खळ्यावर उभा राहत नाही. तिथे आपणच असतो. यंत्र भाड्याने आणताना पट्ट्याचे झाकण आहे का, पेंढी आत सारायची जागा पुरेशी लांब आणि वरून झाकलेली आहे का, हे आधी पाहावे. पदर, उपरणे, सैल बाही, मोकळे केस हे यंत्राजवळ नकोत. रात्री झोपेला आलेल्या माणसाला यंत्रावर बसवू नये. खटक्याजवळ एक जाणता माणूस नेमलेला असावा. मोटारीला हात लावताच झिणझिणी आली, तर 'जरा करंट मारतो' म्हणून हसण्यावारी नेऊ नये. ती मोटार दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवावी.

कोणी म्हणेल, "मास्तर, इतके जपत बसलो तर कामे कधी व्हायची? आणि नशिबात असेल ते चुकते का?" प्रश्न रास्त आहे. मावळातल्या माणसाला धैर्य शिकवण्याची गरज नाही. डोंगरउतारावर पावसात नांगर धरणाराला भित्रा कोण म्हणेल? पण धैर्य हे संकटासाठी राखून ठेवायचे असते. उघड्या पट्ट्याजवळ ते वाया घालवण्यात अर्थ नाही. आणि नशिबाविषयी म्हणाल, तर ते एकदा आपल्या बाजूने उभे राहिले हे त्याचे उपकारच झाले. तेवढ्याच कामासाठी त्याला पुन्हा पुन्हा हाक मारणे बरे नव्हे.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी आपण किंवा आपले माणूस थोडक्यात बचावले, तर देवाला नमस्कार जरूर करा. मग तीन प्रश्न विचारा. आपण कशाने वाचलो? ती गोष्ट उद्याही तिथे असेल का? आणि हे आणखी कोणाला सांगायला हवे? कोणाची चूक झाली हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला तरी चालेल. तो आधी विचारला, की बाकीच्या तीन प्रश्नांची खरी उत्तरे मिळत नाहीत. उत्तरे मिळाली, की दिवस मावळण्यापूर्वी पत्र्याचा एक तुकडा ठोका, एक दोरी बांधा, शेजारच्या आळीला एक निरोप धाडा. ज्याच्यासाठी हे कराल त्याला बहुधा ते कधीच कळणार नाही. तो संध्याकाळी रोजच्यासारखा घरी येईल, हातपाय धुईल आणि जेवायला बसेल.